सर चांगले आहेत, पण नियम कुठे आहे? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पोरांच्या फुटबॉल क्लबमधल्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न मागवले होते, मला वाटलं पाच-सहा येतील, ढीग आला. सगळे घेणं शक्य नाही, सहा घेतलेत. नावं, क्लब, गल्ली सगळं काढून टाकलंय, कुणाचंही मूल ओळखू येऊ नये म्हणून. मी स्वतः बारा वर्षं लहान मुलांना फुटबॉल शिकवलाय, त्यामुळे जे लिहितोय ते पालक म्हणूनही आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस म्हणूनही.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, पुण्यात एका अकॅडमीत दीड वर्ष जातोय. कोच त्याला खूप मानतात. मागच्या महिन्यात त्यांनी त्याला नवे स्टड्स घेऊन दिले, पैसे घ्यायला तयार नाहीत. आता रात्री साडेदहा-अकराला त्याला व्हॉट्सॲप करतात, आधी मॅचचे व्हिडिओ असायचे, आता ‘जेवलास का’, ‘आज गप्प का होतास’ असं. परवा म्हणाले रविवारी एक्स्ट्रा प्रॅक्टिस घेतो, एकट्यालाच पाठवा, मीच घरी सोडेन. नवरा म्हणतो तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं, आणि मुलगाच तर आहे. मी खरंच जास्त विचार करतेय का? – एक आई, पुणे

नाही ताई, तुम्ही बरोबर विचार करताय.

त्या कोचच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि गंमत नाही सांगत, ते माहीत असायची गरजच नाही. माणूस अगदी देवमाणूस असू शकतो. पण बूट भेट देणं, रात्री खासगीत मेसेज करणं, एकट्याला बोलावणं, स्वतःच्या गाडीवर सोडणं, यातली एकेक गोष्ट सुटी सुटी घेतली तर मायेची वाटते, चारही एकत्र झाल्या की तुमच्या मुलाभोवती असा एक कोपरा तयार होतो जिथे त्या एका माणसाशिवाय दुसरं मोठं माणूस कुणीच नाही. वाईट हेतूचा माणूस नेमका हाच कोपरा बनवत असतो, हळूहळू, महिनोन्‌महिने. याला ग्रूमिंग म्हणतात, आपल्या भाषेत पोराला घोळात घेणं. आणि एकट्या पोरालाच नाही, अख्ख्या घराला घोळात घेतात, म्हणजे पुढे पोर काही बोललंच तर घरचेच म्हणतात, छे, सर असे नाहीत.

तुमच्या यजमानांना एक सांगा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या साडेबारा हजारांच्या आसपास मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता, त्यात लैंगिक त्रास झालेल्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त, ५२.९४ टक्के, मुलगे होते. मुलगा आहे म्हणून त्याला काही होणार नाही हे आपण आपल्या समाधानासाठी म्हणतो.

आता करायचं काय. भांडायचं नाही, आरोप करायचा नाही, कोचना साधा मेसेज टाका: “सर, तुम्ही त्याच्यासाठी वेळ काढता त्याबद्दल आभार. यापुढे त्याच्यासाठीचे मेसेज माझ्या नंबरवर किंवा पालकांच्या ग्रुपवर टाका. एक्स्ट्रा प्रॅक्टिसला मी ग्राउंडवर येऊन बसेन, नेणं-आणणं आम्हीच करू. स्टड्सचे पैसे पाठवतेय.” चांगला कोच दुसऱ्या मिनिटाला ‘हो चालेल’ म्हणतो, कारण त्यात त्याचंही रक्षण आहे, उद्या कुणी उगीच बोट दाखवलं तर त्याच्या बाजूने सांगायला कुणीतरी असतं. चिडला, टोमणे मारायला लागला, मुलाला बेंचवर बसवलं किंवा ‘आईला सांगत जाऊ नकोस’ म्हणाला, तर मात्र थांबू नका, अकॅडमीच्या प्रमुखाला लेखी द्या. जुने मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात, लैंगिक हेतूने मुलाला सारखं मेसेज करत राहणं हा स्पर्श न करताही गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ‘अजून काही झालं तर नाही’ म्हणून वाट बघत बसायचं कारण नाही.

आणि मुलाशी बोला, पण समोर बसवून ‘सरांनी काही केलं का?’ असं नको, पोर घाबरून नाही म्हणून मोकळं होतं. स्कूटरवरून येताना बोला. तो मागे बसलेला असतो, तुमचा चेहरा त्याला दिसत नाही, त्याचा तुम्हाला दिसत नाही, अशा वेळी पोरं बरंच बोलतात. आज कुणाबरोबर खेळलास, कुणाचा राग आला, सर काय म्हणाले, एवढं पुरे. रोज विचारलं तर ज्या दिवशी खरंच सांगायचं असेल त्या दिवशी त्याला वाट सापडते.

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. मुलाच्या अंडर-नाइन टीमला रविवारी मदत करायची म्हणून मी नाव दिलं तर आधी डीबीएस चेक (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) करा, सेफगार्डिंगचा म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचा कोर्स करा, मग वेल्फेअर ऑफिसरला, म्हणजे क्लबमध्ये मुलांची सुरक्षितता बघणाऱ्या माणसाला, भेटा. मी दोन मुलांचा बाप, कोन आणि बिब्स मांडायला येतोय, माझ्यावर एवढा संशय? – एक बाबा, स्लाऊ

तुम्हाला टोचलं ते समजू शकतो, पण हा संशय तुमच्यावर नाही, तिथल्या फुटबॉलने फार मोठी किंमत मोजून शिकलेला धडा आहे तो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड नावाचा माजी खेळाडू, त्रेचाळीस वर्षांचा माणूस, वर्तमानपत्रात स्वतःच्या नावाने बोलला की लहानपणी क्रू क्लबमध्ये असताना कोच बॅरी बेनेलने त्याच्यावर अत्याचार केले. त्यानंतर एकेक करत शेकडो माणसं बोलायला लागली, कुणी चाळिशीतलं, कुणी साठीतलं, काहींनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. हा बेनेल पोरांना स्वतःच्या घरी राहायला न्यायचा, घरात गेमची मशिन्स, प्राणी पाळलेले, पोरांना स्वर्गच वाटायचा, आणि आईबापांना वाटायचं आपल्या पोराचं नशीब उघडलं. १९९४ मध्ये तो अमेरिकेत पकडला गेला तेही एका मुलाला टूरवर घेऊन गेलेला असताना. २०१८ मध्ये त्याला १२ मुलांवरच्या ५० गुन्ह्यांसाठी ३१ वर्षांची शिक्षा झाली, तुरुंगात असतानाच २०२३ मध्ये मेला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने क्लाइव्ह शेल्डन या वकिलांकडून चौकशी करून घेतली, मार्च २०२१ मध्ये अहवाल आला, १९७० ते २००५ या काळातले ६९२ पीडित आणि २४० संशयित त्यात आहेत. १९९५ मध्ये धोका उघड दिसत असूनही नीट पावलं उचलायला असोसिएशनने २००० साल उजाडवलं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

म्हणून तुम्हाला फॉर्म भरायला लावतात. भरा, आणि अभिमानाने भरा. फक्त एक लक्षात ठेवा, डीबीएसमध्ये जे नोंदीत आलं तेवढंच दिसतं, जो कधी पकडलाच गेला नाही त्याचाही कागद कोराच येतो. तेव्हा कागदापेक्षा रोजचा नियम मोठा, कुठल्याही मुलाबरोबर कुठलाही मोठा माणूस बंद दाराआड एकटा नाही, तुम्हीही नाही. वेल्फेअर ऑफिसरचा नंबर मुलाला पाठ करून द्या.

मी कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीच्या टीममधून खेळलो. आमच्या वस्तादांनी शिट्टीच्या दोरीने फोडून काढलं, उन्हात ग्राउंडला वीस-वीस राउंड मारायला लावले, आयाबहिणींवरून शिव्या घातल्या, म्हणून आम्ही घडलो. आता पोराला ओरडलं तरी आईबाप फोन करतात. अशाने खेळाडू कसे तयार होणार? – एक जुना खेळाडू, कोल्हापूर

काका, कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल मला मनापासून आदर आहे, शाहू स्टेडियम भरून वाहताना बघितलंय मी, पेठाच्या पेठा मॅचला लोटतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तुमच्याच मातीतला. पण तुमच्याबरोबर प्रॅक्टिसला यायची आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात यायची बंद झाली अशी पोरं आठवून बघा. त्यांत तुमच्यापेक्षा चांगला डावा पाय असलेला एखादा नक्की होता.

शिस्त हवीच. उशिरा आला, बाहेर उभा राहा. पास दिला नाहीस, बदली. हे सगळं चालतं. पण एप्रिलच्या उन्हात पाणी बंद करून पळवणं, दोरीने मारणं, सगळ्यांसमोर आईवरून बोलणं ही शिस्त नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण किंवा छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्यात कुठेही ‘खेळाडू घडवण्यासाठी असेल तर सूट’ असं लिहिलेलं नाही.

मला याहून मोठी काळजी वेगळीच वाटते. ग्राउंडवर मोठ्या माणसाने अंगाला काहीही केलं तरी ब्र काढायचा नाही हे ज्या पोराने आठव्या वर्षी शिकलं, ते पोर तेराव्या वर्षी त्याहून वाईट काही झालं तरी गप्पच बसतं. मार आणि तो दुसरा प्रकार यांच्यामध्ये भिंत नाही, एकाच वाटेवरची घरं आहेत ती.

तुम्ही जुनी मंडळी संध्याकाळी पायऱ्यांवर बसून प्रॅक्टिस बघता ना, ते सोडू नका. पोरांना नावाने हाक मारा, कोण रोजच्यासारखं हसत नाही ते बघा, कुणाला कोण आडोशाला घेऊन जातंय ते बघा. सीसीटीव्हीने होत नाही ते काम तुमच्याने होईल.

आम्ही चार मित्र नाशिकजवळ ४५ मुलामुलींना रविवारी फुकट शिकवतो, संस्था नोंदवलेली नाही, पैसा नाही. हे नियम फी घेणाऱ्या अकॅडमींना असतील ना? डिसेंबरमध्ये टीम मुंबईला न्यायचीय, दोन रात्रींचा मुक्काम आहे. – एक कोच, नाशिक

दादा, फुकट शिकवताय त्याबद्दल आधी मनापासून कौतुक. पण मुलाच्या दृष्टीने फुकट आणि विकत यात फरक काय? २०२० च्या पोक्सो नियमांत मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या सगळ्या संस्था धरल्यात आणि क्रीडा अकॅडमी हा शब्द त्यात चक्क लिहिलेला आहे, प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो की कंत्राटी, पोलिस पडताळणी करायची आणि ती ठरावीक काळाने परत करायची. नोंदणी नाही म्हणून आपल्याला लागू नाही असली पळवाट शोधत बसू नका, चौघांनीही चारित्र्य पडताळणीचा अर्ज करून टाका, आणि शाळेच्या व्हॅनवाल्याला नेणार असाल तर त्याचाही.

व्हॅनवरून सांगतो, कारण हे मला आजही सलतं. माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा होता, प्रॅक्टिस संपली की बुटाची लेस सोडायचा, परत बांधायचा, परत सोडायचा, सगळे व्हॅनमध्ये जाऊन बसले तरी याचं आपलं चालूच. मी ओरडायचो, चल रे, किती वेळ. दोन महिन्यांनी त्याच्या आजीमुळे कळलं की व्हॅनमधून सगळ्यात शेवटी हा उतरायचा, आणि शेवटची दहा मिनिटं ड्रायव्हर त्याला पुढच्या सीटवर बसवायचा. ते पोर रोज माझ्यासमोर सांगत होतं, लेस बांधून सांगत होतं, मी वेळेवरून ओरडत होतो. तेव्हापासून माझा नियम, शेवटचं मूल घरी जाईपर्यंत दोन मोठी माणसं थांबणार, आणि गाडीत एकटं शेवटचं मूल असणार नाही, भले रूट उलटा फिरवावा लागो.

मुंबईच्या मुक्कामासाठी: कोच मुलांच्या खोलीत झोपणार नाही. मुली असतील तर एक बाई सोबत हव्यातच, कुणाची तरी आई चालेल. अंघोळीला, कपडे बदलायला मोठ्यांनी आत जायचं नाही, घाई असेल तर बाहेरून हाक मारा. तिथे फोन काढायचा नाही, जिंकल्यावर उघड्या अंगाचे फोटो तर नाहीच नाही, आणि ग्रुप फोटो टाकताना नाव आणि शाळा एकत्र लिहू नका. दुखापत झाली तर चोळणं-बांधणं सगळ्यांसमोर, त्या मुलाला विचारून. हे सगळं एका कागदावर लिहून पालकांची सही घ्या आणि तोच कागद मुलांनाही वाचून दाखवा, बरेच क्लब पालकांची सही घेऊन फाइल बंद करतात, ज्याच्यासाठी नियम केला त्यालाच तो माहीत नसतो.

चौघांपैकी एकाला, जो टीम निवडत नाही त्याला, तक्रार ऐकायचं काम द्या. जो सिलेक्शन करतो त्याच्याकडेच तक्रार करायची असेल तर कुठलं पोर तोंड उघडेल?

आणि तक्रार आलीच, तर आपापसात चौकशी करू नका, त्या माणसाला बोलावून जाब विचारू नका, ‘क्लबचं नाव खराब होईल’ म्हणून मिटवू तर अजिबात नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, त्याच दिवशी पोलिसांना कळवा. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे हे सगळ्यांना बंधनकारक आहे, नुसती शंका असली तरी. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्याचं दडवलं तर एक वर्षापर्यंत. शंका चुकीची निघाली तर काय, याची भीती वाटते लोकांना, पण प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काहीही होत नाही, हेही त्याच कलमात आहे.

एक एजंट म्हणतो तुमच्या १५ वर्षांच्या मुलाला युरोपच्या क्लबच्या ट्रायलला पाठवतो, तीन लाख भरा, पासपोर्ट आमच्याकडे द्या, पालकांनी यायची गरज नाही. – एक बाबा, पनवेल

पैसे देऊ नका आणि पासपोर्ट तर मुळीच देऊ नका. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये बदली मुळात होतच नाही, मोजके अपवाद आहेत, जसं आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले तर. तुमचा मुलगा त्यात बसत नाही. खरंच पुढे खेळायचं असेल तर भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता असलेली अकॅडमी शोधा, तीही पाठवायच्या आधी स्वतः जाऊन हॉस्टेल बघून, तिथल्या मुलांशी बोलून.

मी १६ वर्षांची आहे, जिल्ह्याच्या टीममध्ये आहे. आमचे असिस्टंट कोच स्ट्रेचिंग करून घेताना नको तिथे हात लावतात आणि म्हणतात मसल टाइट आहे. एकदा मी बाजूला झाले तर पुढच्या मॅचला बेंचवर बसवलं. मैत्रिणीबरोबर पण असंच झालंय, ती म्हणते राज्याचं सिलेक्शन होईपर्यंत गप्प बस. घरी सांगितलं तर पप्पा फुटबॉलच बंद करतील. माझंच काही चुकतंय का?

बाळा, तुझं काहीही चुकत नाहीये. तू बाजूला झालीस ना, ते अगदी बरोबर केलंस.

मसल टाइट होता की नव्हता हे तुला सिद्ध करायचं नाहीये. तुझ्या अंगाला हात लावायच्या आधी तुला विचारायचं असतं, सगळ्यांसमोर लावायचा असतो, आणि तू नको म्हणालीस की तिथेच थांबायचं असतं. त्या माणसाने यातलं काहीच केलं नाही, वर तू नको म्हणालीस म्हणून तुझी मॅच काढून घेतली. तुझ्या खेळाची किल्ली त्याच्या हातात आहे हे त्याला पक्कं माहीत आहे आणि त्याचाच तो वापर करतोय.

तू नाव-गाव लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तर कायद्याने मला ते पोलिसांना कळवावं लागलं असतं, आणि कळवायच्या आधी मी तुला तसं सांगितलं असतं. हे तुला आत्ताच सांगतोय कारण तू ज्या कुठल्या मोठ्या माणसाला सांगशील त्याच्यावरही तीच जबाबदारी येते, आणि ते तुझ्या बाजूचंच आहे. पोलिसांची भीती वाटत असेल तर ऐक: तुझा जबाब तुझ्या घरी किंवा तू म्हणशील तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी असते, युनिफॉर्म घालून येत नाहीत, आई किंवा तुझ्या विश्वासाचं माणूस शेजारी बसतं, तुझं नाव, फोटो, शाळा कुठल्याही पेपरला छापता येत नाही. आधी का नाही सांगितलंस म्हणून तक्रार नाकारता येत नाही.

सिलेक्शनचं सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात आपला सतरा वर्षांखालच्या मुलींचा भारतीय संघ युरोप दौऱ्यावर होता, तिथे असिस्टंट कोचविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार झाली, त्याला परत बोलावलं आणि काढून टाकलं. संघ ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वरला वर्ल्ड कप खेळला, अमेरिका, मोरोक्को, ब्राझीलविरुद्ध. घरी गेला तो माणूस.

तुझे पप्पा हे वाचत असतील असं धरून त्यांना दोन ओळी. साहेब, तुमची पोर तुम्हाला सांगत नाहीये कारण तिला वाटतं शिक्षा तिलाच होईल. आज जेवताना सहज म्हणा, ग्राउंडवर कुणी काही केलं तर तुझा खेळ मी बंद करणार नाही, त्या माणसाचं येणं बंद करीन. म्हणा फक्त, लगेच उत्तर मागू नका.

आणि तू, पुढच्या प्रॅक्टिसच्या आधी आईला किंवा मावशीला, आत्याला, शाळेतल्या ज्या बाईंवर तुझा विश्वास आहे त्यांना एवढंच म्हण: “मला खेळायचंय, पण त्या सरांनी मला हात लावायला नकोय, मला भीती वाटते.” बाकीचं त्या विचारतील तसं सांग. पहिल्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग. कुणालाच सांगता येत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लाव, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, बॅलन्स नसला तरी लागतो. मैत्रिणीला शेजारी बसवून लाव, दोघी मिळून बोला.